वॉर्डातून उंबऱ्यापर्यंत

रेडिओवर मला बोलावतात ते बहुधा कवितेसाठी. या वेळी निरोप आला तो वेगळाच. म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या आजारात नर्सचं काम काय, यावर पंधरा-वीस मिनिटं बोला, असा. मी म्हटलं, अहो, मी साधा बी.ए. झालेला माणूस, ना डॉक्टर ना कंपाउंडर. पलीकडून उत्तर आलं, ‘तुमच्या आईवरच्या कविता आम्ही वाचल्या आहेत.’ मग नाही म्हणवेना. कवितेत आई आली, तिचं विसरणं आलं, माझं रडणंही आलं. पण त्या सहा वर्षांत जिने आमचं घर उभं ठेवलं ती नर्सबाई कवितेत आली नाही. तिचं ऋण मनात होतंच. तिच्यासारख्या बायका इस्पितळाच्या वॉर्डातून लोकांच्या घरात कधी आणि कशा पोचल्या, हे शोधायला मी लागलो तो त्यामुळेच. आजचं बोलणं त्या शोधाविषयी आहे.

आधी एका शब्दाविषयी बोलतो, कारण शब्द हा माझा धंदा. मराठीत ‘म्हातारचळ’ असा एक शब्द आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हणही आहे. आमच्या घरी दख्खनी बोलतात, तिथे ‘सठिया गई’ म्हणतात. दोन्ही भाषांनी नेमका साठचाच आकडा धरला आहे, याची मला गंमत वाटायची. पुढे गंमत वाटेनाशी झाली. हाताशी असा तयार शब्द असला की माणूस डॉक्टरकडे जात नाही. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून मोकळा होतो. आम्ही तसेच मोकळे झालो होतो.

२००९ सालची गोष्ट. अम्मीने पंचाहत्तरी ओलांडली होती. असरची नमाज झाली की पाच मिनिटांनी ती पुन्हा वुजू करायला उठायची. ‘अम्मी, झाली की नमाज,’ म्हटलं की रागवायची. हळूहळू दिवेलागणीला दाराशी जाऊन उभी राहू लागली. ‘मेरेकू घरकू जाना है.’ घर म्हणजे तिचं माहेर. ते पस्तीस मैलांवर होतं आणि तिथलं कुणीही हयात नव्हतं. शेजारी म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल. एक दिवस दर्ग्यातही नेऊन आणलं. त्याची मला लाज वाटत नाही; तिथे निदान तिच्या डोक्यावरून कुणी हात फिरवला. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहून मिळाली. गोळीने ती दिवसा पेंगू लागली आणि तिसऱ्या रात्री मोरीत पडली. मनगट मोडलं. त्या गोळीविषयी आम्हांला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही काही विचारलं नव्हतं.

प्लॅस्टर घालून घरी आणल्यावर आमच्या गल्लीतल्या सिस्टर बघायला आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या, म्हणून ‘अरे-तुरे’ करणाऱ्या. अम्मीला त्या ‘खाला’ म्हणत. अम्मीच्या शेजारी बसल्या, तिचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘खाला, माहेरी कोण कोण असतं हो?’ अम्मी अर्धा तास बोलत होती. मी तोवर सहा महिने तिला एकच सांगत होतो, ‘अम्मी, तिथे आता कुणी नाही.’ म्हणजे रोज संध्याकाळी मी तिला तिच्या आईच्या मरणाची बातमी नव्याने देत होतो. हे मला त्या दिवशी कळलं.

आता इतिहासाकडे वळतो. मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या माणसाला एके काळी नर्स म्हणतच नसत. इंग्लंडातल्या वेड्यांच्या इस्पितळांत तो राखणदार होता, मग ‘अटेंडंट’ झाला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा हीच त्याची ओळख. त्याला काही शिकवावं म्हणून १८८५ साली एक लहानसं पुस्तक निघालं, त्याच्या लाल बांधणीमुळे ते पुढे ‘लाल पुस्तक’ म्हणून प्रसिद्ध झालं. पण किल्ल्या काही सुटल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५४-५५ च्या सुमारास, इंग्लंड आणि वेल्समधल्या मनोरुग्णालयांत सुमारे दीड लाख माणसं होती. त्यांतली कितीतरी म्हातारी होती, आणि एकदा आत गेलेला म्हातारा बाहेर येईल अशी अपेक्षा कुणी करत नव्हतं.

याच काळात लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळच्या वॉर्लिंगहॅम पार्क इस्पितळात टी. पी. रीस नावाचे प्रमुख होते. यांनी १९३० च्या दशकातच फाटकांची आणि वॉर्डांची कुलुपं काढायला सुरुवात केली होती. १९५४ साली तिथल्या दोन परिचारिकांना वॉर्डातून सोडवून गावात काम दिलं गेलं. घरी गेलेल्या रुग्णांना भेटायचं, औषध चालू आहे का पाहायचं, नोकरीला लागले का, घरच्यांशी पटतंय का विचारायचं. त्यामागे काही फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. हे काम ज्यांनी करावं असे शिकलेले सामाजिक कार्यकर्ते पुरेसे मिळत नव्हते, म्हणून नर्सला पाठवलं. इतिहासात असं पुष्कळदा होतं. अडचणीपोटी केलेली सोय टिकते. तीन वर्षांनी, १९५७ साली, डेव्हनमधल्या मूरहेवन इस्पितळानेही आपल्या नर्सना घरोघर पाठवायला सुरुवात केली. आज ज्याला सामुदायिक मानसिक परिचर्या म्हणतात तिचा उगम बहुतेक अभ्यासक या दोन गावांत शोधतात.

त्याच वेळी औषधंही आली. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरलं गेलं आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरलं. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस दोन-तीन आठवडे पुरणारी इंजेक्शनं निघाली. इंजेक्शन द्यायला कुणीतरी घरी जायला हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे नर्स. काही लोक यावर टीका करतात, नर्सची चालतीबोलती सुई झाली म्हणतात. टीका खोटी नाही. पण सुई टोचायला गेलेली बाई घरात बसते, चहा घेते आणि चुलीपाशी काय चाललंय ते तिला दिसतं. दवाखान्यातल्या टेबलामागून ते दिसत नाही.

वृद्धांच्या बाबतीत मात्र एक कोडं आधी सुटायला हवं होतं. म्हातारपणी बिघडलेलं मन म्हणजे सगळं एकच, असा समज डॉक्टरांतही होता. आलॉइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली आपल्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत काय आढळलं ते सांगितलं होतं, १९१० साली क्रेपेलिनने त्या आजाराला आल्झायमरचं नाव दिलं. पण ती बाई इस्पितळात आली तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती, म्हणून कित्येक दशकं हा आजार तरुणपणी होणारा, दुर्मीळ मानला गेला. सत्तरीच्या म्हाताऱ्यांना काय होतं, ते म्हातारपणच, असं चालू राहिलं. म्हणजे ‘म्हातारचळ’ हा शब्द फक्त आपल्याकडे नव्हता, इंग्रज डॉक्टरांकडेही होता. त्यांनी त्याला लॅटिन नाव दिलं होतं एवढंच.

हे कोडं मार्टिन रॉथ यांनी सोडवलं. चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल इस्पितळात दाखल झालेल्या साठीपुढच्या रुग्णांचे जुने केसपेपर त्यांनी काढले आणि १९५५ साली आपला निष्कर्ष छापला. त्यांनी रुग्णांचे पाच गट केले. त्यांतले तीन आपण लक्षात ठेवावेत. एक, खरा स्मृतिभ्रंश, जो हळूहळू वाढतो. दोन, खोल उदासी, म्हणजे नैराश्य, ज्यात माणूस विसरल्यासारखा वागतो पण उपचारांनी बरा होतो. तीन, अचानक आलेला गोंधळ, जो बहुधा शरीरातल्या एखाद्या दुखण्यामुळे येतो. दोन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातले बहुतेक मरण पावलेले होते, नैराश्याच्या गटातले बरेचसे घरी गेलेले होते. म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच रांगेत, सारख्याच चादरी पांघरून निजलेली ही माणसं वेगवेगळ्या रोगांची होती. तोवर तसं कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. कारण हे माझ्या घरात घडलेलं होतं. २०११ च्या उन्हाळ्यात तीन दिवसांत अम्मी पार बदलली. मला ओळखेना, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागली, रात्रभर बडबड, दिवसा गुंगी. आम्ही समजलो, आजार शेवटच्या टप्प्यावर आला. नातेवाइकांना फोन झाले. सिस्टर आल्या, त्यांनी अम्मीची जीभ पाहिली, मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि माझ्या बायकोला विचारलं, ‘लघवी कशी होते? जळजळ? वास?’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘विसरणं महिन्यांनी वाढतं रे, तीन दिवसांत नाही वाढत. हे दुसरं काहीतरी आहे. लघवी तपासायला ने.’ संसर्ग निघाला. औषध सुरू झालं, पाणी पाजणं सुरू झालं आणि आठ दिवसांत मुंग्या गेल्या. अम्मी पूर्वीसारखी झाली नाही, पण परत आमच्यात आली. त्यानंतर ती चार वर्षं जगली. त्या दिवशी सिस्टर आल्या नसत्या तर आम्ही तिला शांतपणे मरू दिलं असतं, आणि वर अल्लाची मर्जी म्हटलं असतं.

रॉथ यांचं नाव सिस्टरना ठाऊक नव्हतं. पण शिकताना मनोरुग्णालयात काही आठवडे काढावे लागले होते आणि तिथल्या एका मेट्रनने ‘अचानक आणि हळूहळू’ यांतला फरक मनावर ठसवला होता, असं त्या सांगत. शोधनिबंध असाही प्रवास करतो.

इंग्लंडात पुढे काय झालं? ग्रेलिंगवेल इस्पितळानेच १९५७ साली वर्दिंग या गावात एक प्रयोग केला. जोशुआ कार्स हे त्याचे प्रमुख. रुग्णाला दाखल करण्याआधी त्याच्या घरी जाऊन पाहायचं आणि शक्य तो तिथेच किंवा दिवसापुरतं केंद्रात बोलावून उपचार करायचे. त्या भागातून दाखल होणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. १९५९ चा मानसिक आरोग्याचा कायदा झाला. मार्च १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी एक गाजलेलं भाषण केलं. त्यात जुन्या मनोरुग्णालयांच्या उंच पाण्याच्या टाक्या आणि धुराडी यांचं मोठं कवित्वपूर्ण वर्णन होतं आणि पंधरा वर्षांत त्यांतल्या निम्म्या खाटा नकोशा होतील असं भाकीत होतं. कवित्वपूर्ण म्हणालो ते सहज नाही, पॉवेल खरोखरच कविता लिहीत. हेच गृहस्थ १९६८ साली स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणामुळे कुप्रसिद्ध झाले. आणि त्यांच्याच खात्याची इस्पितळं आयर्लंडहून, कॅरिबियन बेटांहून आलेल्या नर्सच्या खांद्यावर चालत होती. कवीचं हृदय विशाल असतं वगैरे आपण सभांतून बोलतो, तेव्हा मला पॉवेल आठवतात.

खाटा कमी करा म्हणणं सोपं होतं. मागच्या वॉर्डांत पडलेल्या म्हाताऱ्यांचं काय, हे कुणी पाहत नव्हतं. १९६५ साली बार्बरा रॉब नावाची बाई लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात एका ओळखीच्या वृद्धेला भेटायला गेली. तिथे तिला दिसलं की म्हाताऱ्यांचे चष्मे, कवळ्या, कानाची यंत्रं काढून घेतलेली आहेत. हरवतात, भांडणं होतात, म्हणून! ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, तो गोंधळणार नाही तर काय करील? आणि गोंधळला की केसपेपरवर लिहायचं, बुद्धी गेली. रॉबबाईंनी संघटना काढली, वर्तमानपत्रांत पत्र छापलं आणि १९६७ साली ‘सान्स एव्हरीथिंग’ नावाचं पुस्तक काढलं. नाव शेक्सपिअरच्या नाटकातल्या म्हातारपणाच्या वर्णनावरून घेतलेलं. त्या पुस्तकात काही परिचारकांनी आपल्याच वॉर्डांतली मारहाण, अपमान लिहून दिला. सरकारी चौकश्यांनी १९६८ साली बहुतेक आरोप फेटाळले. पण १९६९ साली कार्डिफच्या ईली इस्पितळाचा अहवाल बाहेर आला आणि तिथे तसाच छळ सिद्ध झाला. मग कुणाला डोळे मिटून बसता येईना.

नर्सच्या इतिहासात हे पान कुणी सहसा वाचून दाखवत नाही. मी मुद्दाम वाचलं. मारणारे हातही नर्सचेच होते आणि लिहून देणारे हातही नर्सचेच. आपण ‘सेवा’, ‘त्याग’, ‘दिव्याची बाई’ एवढंच बोलत राहिलो तर हे दिसत नाही. एका माणसाला पन्नास म्हातारे सांभाळायला दिले, शिक्षण दिलं नाही, अधिकार दिला नाही, तर तो काय करतो, हे फ्रायर्नमध्ये आणि ईलीमध्ये दिसलं.

याच सुमारास, १९६९ साली, टॉम अरी हे डॉक्टर लंडनच्या पूर्वेकडच्या गुडमेज इस्पितळात वृद्धांच्या मानसिक आजारांचा विभाग चालवू लागले. त्यांचा दंडक असा की रुग्णाला आधी त्याच्या घरी पाहायचं. घरात काय दिसतं? फडताळात शिळं अन्न आहे का, गॅस चालू राहतो का, औषधांच्या किती पुड्या तशाच पडल्यात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या माणसाला सांभाळणारी सून किंवा मुलगी किती दमली आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत वृद्धांसाठीच काम करणाऱ्या घरभेटीच्या नर्स निर्माण झाल्या त्या अशा विभागांमधून.

आता ‘वरच्या दर्जाची भूमिका’ म्हणजे काय ते सांगतो, कारण मला ज्या विषयावर बोलायला सांगितलंय त्याचा गाभा तो आहे. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाव नावाच्या एक मानसिक परिचारिका होत्या. नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं सांगणारं पुस्तक त्यांनी १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं. ते छापायला चार वर्षं गेली. एका नर्सने डॉक्टरला सहलेखक न घेता पुस्तक लिहावं, हे तेव्हा फार धाडसाचं वाटलं. १९५२ साली ते निघालं आणि १९५४ साली त्यांनीच रटगर्स विद्यापीठात मानसिक परिचर्येतल्या तज्ज्ञ नर्स घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ शिकवायला सुरुवात केली. ही नर्स रुग्ण तपासते, निदान करते, उपचार ठरवते. ब्रिटनमध्ये नर्सला औषध लिहून देऊ द्यावं अशी शिफारस १९८६ च्या कम्बरलेज अहवालाने केली, १९९२ साली कायदा झाला, आणि २००६ पासून शिकलेल्या, पात्र नर्सला जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहिता येऊ लागली. शिफारसीपासून मोजली तर वीस वर्षं. साधी चिठ्ठी लिहायचा हक्क, पण त्याला दोन दशकं लागली. औषध लिहिता येण्याइतकंच औषध बंद करता येणंही महत्त्वाचं, असं मला वाटतं. अम्मीची ती गोळी सिस्टरना पहिल्या दिवशीच नको वाटली होती. ‘पण मी बंद कर म्हणू शकत नाही, डॉक्टरना विचार,’ असं त्या म्हणाल्या. विचारायला आणखी पाच दिवस गेले.

ब्रिटनमधला आणखी एक प्रकार मला फार आवडला. जोसेफ लेव्ही नावाचे एक गृहस्थ. त्यांना नौकानयनाचा नाद, म्हणून घरचे त्यांना ‘ॲडमिरल जो’ म्हणत. म्हातारपणी त्यांना स्मृतिभ्रंश झाला. आपल्याला काही कळत नव्हतं, कुणी सांगणारं नव्हतं, या अनुभवातून त्यांच्या कुटुंबाने नव्वदच्या दशकात एक संस्था काढली आणि तिच्या नर्सना ‘ॲडमिरल नर्स’ म्हणू लागले. ही संस्था आज ‘डिमेन्शिया यूके’ म्हणून ओळखली जाते आणि अशा चारशेहून अधिक नर्स तिथे आहेत. त्यांचं वैशिष्ट्य असं की त्या रुग्णाइतकंच सांभाळणाऱ्याकडे पाहतात. तू जेवलास का, झोपलास का, तुझा राग कुणावर निघतो, हे विचारतात.

आमच्या घरी हा प्रश्न मला विचारायला नको होता, माझ्या बायकोला विचारायला हवा होता. मी गावोगाव मुशायरे, कविसंमेलनं करत फिरत होतो आणि आईवर कविता वाचून टाळ्या घेत होतो. अम्मीची चादर दिवसातून तीनदा बदलत होती ती. सिस्टरनी एकदा मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुझी आई आजारी आहे हे सगळ्या जिल्ह्याला माहीत झालंय. तुझी बायको सहा महिन्यांत माहेरी गेलेली नाही, हे तुला तरी माहीत आहे का?’ मला माहीत नव्हतं. त्यानंतर आठवड्याचे दोन दिवस अम्मी माझी झाली.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नव्वदच्या दशकात एक काम झालं, ते सांगायलाच हवं. सरकारी वसाहतींत एकटे राहणारे गरीब वृद्ध कुठल्याच दवाखान्यात येत नव्हते. मग पीटर रेबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वसाहती घेतल्या, आणि तिथले व्यवस्थापक, झाडूवाले, बागेची कामं करणारे यांना शिकवलं की कोण उदास आहे, कोण गोंधळतंय हे कसं ओळखायचं. त्यांनी सांगितलं की मानसिक परिचारिका त्या माणसाच्या खोलीवर जायची, तपासायची आणि तिथेच उपचार सुरू व्हायचे. दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाने जिथे हे झालं तिथल्या वृद्धांची उदासी आणि इतर लक्षणं बाकीच्या वसाहतींपेक्षा कमी होती. २०००च्या साली हे छापून आलं. घर सोडून वृद्धाश्रमात जावं लागणाऱ्यांची संख्या मात्र त्यामुळे कमी झाली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, मानसिक परिचर्येचा खास अभ्यासक्रम १९५० च्या दशकातच सुरू झाला. तिथेच शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी एक अभ्यास केला, तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छापून आला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इस्पितळात ठेवण्याऐवजी घरी ठेवून नर्सने नियमित भेट दिली, तर ते अधिक बरे राहतात, घरच्यांचा भार हलका होतो आणि खर्चही कमी येतो, असं त्यात दिसलं. हे रुग्ण वृद्ध नव्हते. पण नर्सची घरभेट आपल्या मातीत रुजते, हे चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं होतं. मग ते गेलं कुठे, असा प्रश्न पडतो. आपल्याकडे प्रयोग यशस्वी होतो आणि कपाटात जातो.

शेजारच्या गोव्यात मात्र कपाट उघडं राहिलं. तिथे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर काम केलं. गावातल्याच साध्या, प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आधार देत, काय करावं ते सांगत. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. हे २००८ साली छापून आलं. पुढे उदासीच्या उंबरठ्यावर असलेल्या साठीपुढच्या १८१ लोकांबरोबर असंच काम झालं. वर्षभरात आधार मिळालेल्यांपैकी सुमारे साडेचार टक्के लोकांना पूर्ण नैराश्य आलं, तर दुसऱ्या गटात सुमारे साडेचौदा टक्के. इथे नर्सही नव्हत्या, गावातली माणसं होती. काही जण यावरून म्हणतात, मग नर्सची गरजच काय? मला हे पटत नाही. लघवीचा संसर्ग आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक ओळखायला जीभ पाहणारी बाईच लागते. गावातली ताई दार उघडेल, पण तिच्या पाठीशी शिकलेली नर्स हवी, आणि तिच्या पाठीशी डॉक्टर.

देशात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. ८८ लाखांतले आपल्या वाट्याचे म्हातारे तिथे मावणारही नाहीत, आणि मावू नयेतही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या आहे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, त्यांत पुष्कळ नर्स आहेत, आणि त्यांच्या कामाच्या यादीत वृद्धांची काळजी आणि मनाचे आजार ही दोन्ही कलमं आहेत. यादीत आहेत. बीपी, साखर, लसीकरण आणि मोबाइलवर भरायची माहिती यांतून त्या कलमांपर्यंत दिवस पोचतो का, हे तुम्ही तुमच्या गावच्या नर्सताईंना विचारून बघा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी त्यात विसरत चाललेल्या संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. तो पाहून आल्यावर मी अम्मीच्या वह्या शोधल्या. अम्मीच्या म्हणजे सिस्टरनी अम्मीसाठी ठेवलेल्या. शाळकरी दोनशे पानी वह्या, अशा चार.

त्यांत काव्य काही नाही. तारीख. पाणी, किती फुलपात्री. झोप, किती तास. शौचास झाली की नाही. ‘घरकू जाना’ किती वेळा, आणि कशाने शांत झाली. या शेवटच्या रकान्यात वेगवेगळ्या नोंदी आहेत. ‘माहेरच्या विहिरीबद्दल विचारलं.’ ‘लसूण सोलायला दिला.’ ‘सुनेने केस विंचरले.’ एके ठिकाणी वुजूविषयी आहे. मौलवीसाहेब तेव्हा घरी आले होते आणि म्हणाले होते की ज्याची समज गेली त्याच्यावर नमाज फर्ज राहत नाही, त्यांना थांबवलंत तरी गुन्हा नाही. आम्हांला हायसं वाटलं होतं. सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘थांबवायचं कशाला? तेवढा वेळ ती शांत असते. मोरीत खुर्ची ठेवा, खाली गोणपाट टाका, फरशी ओली राहू देऊ नका.’ वहीत तेवढंच लिहिलंय : ‘वुजू ७ वेळा. खुर्ची. गोणपाट. पडली नाही.’

२०१५ च्या जानेवारीतली शेवटची नोंद सिस्टरच्या अक्षरात नाही, माझ्या बायकोच्या आहे. सिस्टरनी तोवर तिला लिहायला शिकवलं होतं. ‘पाणी २ फुलपात्री. झोप चांगली. घरकू जाना : नाही.’